विमान वाहतुकीच्या नियमाचा उगम करारापर्यंत कसा शोधावा

चेक-इन काउंटरवर एखाद्या प्रवाशाला मोठ्या बॅगेतली पॉवर बँक बाहेर काढायला सांगितले जाते आणि 'हा आंतरराष्ट्रीय नियम आहे' एवढेच कारण दिले जाते. हे उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. कारण हा नियम कोणी केला, तो नेमका कोणावर बंधनकारक आहे, त्यात सूट देण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो मोडला तर कोणत्या कायद्याखाली कारवाई होईल, यांपैकी एकाही प्रश्नाचा उलगडा त्यातून होत नाही. नागरी विमान वाहतुकीतल्या बहुतेक तांत्रिक नियमांच्या मुळाशी एखादा आंतरराष्ट्रीय करार असतो, परंतु करार आणि काउंटर यांच्यामध्ये चार-पाच पायऱ्या असतात आणि दर पायरीवर मजकूर थोडा बदलतो. हातात असलेल्या नियमापासून उलट दिशेने त्या पायऱ्या चढत मूळ करारापर्यंत कसे जावे आणि वाटेत कोठे फसगत होते, ते पुढे सांगितले आहे.

आधी कराराचे घराणे ओळखावे

नियम हाती आला की तो कोणत्या विषयाचा आहे हे सर्वप्रथम ठरवावे, कारण विमान वाहतुकीचे करार वेगवेगळ्या घराण्यांतले आहेत आणि एकाचे कलम दुसऱ्याच्या वादात उपयोगी पडत नाही. सुरक्षितता, परवाने, हवाई मार्ग, विमानतळ, अपघात चौकशी, धोकादायक माल या गोष्टी शिकागो कराराच्या कक्षेत येतात. दुसरे महायुद्ध चालू असतानाच १ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर १९४४ या काळात शिकागोत परिषद भरली, तिच्या अखेरीस ५२ राष्ट्रांनी या करारावर सह्या केल्या आणि ४ एप्रिल १९४७ रोजी तो अमलात आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, ही त्याच कराराने निर्माण केलेली संस्था आहे. तिचे मुख्यालय माँट्रियलला असून १९३ राष्ट्रे तिची सदस्य आहेत.

कोणत्या देशाच्या कंपनीने कोठून कोठे किती फेऱ्या कराव्यात, या प्रश्नावर मात्र शिकागोत एकमत झाले नाही. त्यामुळे बाजारपेठेचा हा सारा विषय आजही दोन देशांमधल्या हवाई सेवा करारांवर चालतो. प्रवाशाला इजा झाली, सामान हरवले किंवा विलंब झाला तर विमान कंपनीचे दायित्व किती, हे १९२९ च्या वॉर्सा करारात आणि त्याची जागा घेणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल करारात सापडते. विमानातले गुन्हे, अपहरण आणि घातपात यांच्यासाठी १९६३ चा टोकियो, १९७० चा हेग, १९७१ चा माँट्रियल आणि २०१० चा बीजिंग करार आहेत. विमानावरील तारण आणि भाडेपट्ट्याचे हक्क २००१ च्या केप टाऊन कराराने ठरतात.

येथे एक साधी खबरदारी घ्यावी. नुसते 'माँट्रियल करार' असे लिहिलेले दिसले की साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण १९७१ चा करार घातपाताचा आहे आणि १९९९ चा नुकसानभरपाईचा. त्यात ओझोन थराच्या रक्षणाचा १९८७ चा प्रोटोकॉलही याच शहराच्या नावाने ओळखला जातो. हरवलेल्या बॅगेच्या तक्रारीत घातपाताच्या कराराचा हवाला दिलेला असेल, तर समोरची बाजू उत्तर देण्याची तसदीही घेणार नाही.

परिशिष्ट वाचताना क्रियापद पाहावे

शिकागो करार स्वतः फार लांबलचक नाही. त्याचे पहिले कलम प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील हवाई क्षेत्रात संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व असल्याचे मान्य करते, आणि पुढची बरीचशी कलमे म्हणजे त्या सार्वभौमत्वाला राष्ट्रांनी आपखुशीने घालून घेतलेली मुरड आहे. दैनंदिन नियमन मात्र कराराच्या १९ परिशिष्टांतून चालते: पहिल्यात वैमानिकांपासून हवाई वाहतूक नियंत्रकांपर्यंतच्या कर्मचाऱ्यांचे परवाने, दुसऱ्यात उड्डाणाचे नियम, आठव्यात उड्डाणयोग्यता, तेराव्यात अपघात चौकशी, सतराव्यात सुरक्षा, म्हणजे घातपातापासून संरक्षण, अठराव्यात धोकादायक माल आणि २०१३ साली आलेल्या एकोणिसाव्यात सुरक्षितता व्यवस्थापन.

परिशिष्टांची ताकद समजण्यासाठी ती कशी बदलतात ते पाहावे. करारातच दुरुस्ती करायची तर ९४ व्या कलमानुसार दोन-तृतीयांश राष्ट्रांनी तिला रीतसर संमती द्यावी लागते, आणि ज्या राष्ट्रांनी संमती दिली त्यांच्यावरच ती लागू होते. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडल्यानंतर, नागरी विमानांविरुद्ध शस्त्रे वापरू नयेत असे सांगणारे 'तीन बीस' (म्हणजे तिसऱ्या कलमाला नंतर जोडलेले) हे कलम मे १९८४ मध्ये स्वीकारले गेले, पण ते अमलात यायला १ ऑक्टोबर १९९८ उजाडला. परिशिष्टाचे तसे नाही. आयकाओची परिषद दोन-तृतीयांश मतांनी बदल स्वीकारते, तो सर्व राष्ट्रांकडे पाठवते आणि ठरलेल्या मुदतीत बहुसंख्य राष्ट्रांनी नापसंती कळवली नाही तर तो अमलात येतो. ही मुदत किमान तीन महिन्यांची असते. येथे मौन म्हणजे होकार. विमानाचे इंजिन, रडार किंवा बॅटरी संसदांच्या अधिवेशनांची वाट पाहत नाही, हे १९४४ साली मसुदा लिहिणाऱ्यांनी नेमके ओळखले होते, आणि माझ्या मते संपूर्ण करारातली हीच सर्वांत चतुर रचना आहे.

परिशिष्टातले प्रत्येक वाक्य मात्र सारखे बांधील नसते. 'मानक' आणि 'शिफारस' असे दोन प्रकार त्यात शेजारी शेजारी छापलेले असतात. मूळ इंग्रजी मजकुरात मानकाचे क्रियापद 'शॅल' असते आणि शिफारशीचे 'शुड'. मराठीत उतरवताना दोन्हींचे 'करावे' होऊन जाते आणि सगळा फरक तेथेच हरवतो. म्हणून अनुवादावर किंवा एखाद्या सारांशावर विसंबून बंधनाविषयी मत बनवू नये. मानकासाठी 'केले पाहिजे' आणि शिफारशीसाठी 'करणे इष्ट' असा भेद आपल्या टिपणात तरी काटेकोरपणे पाळावा.

हा भेद किती बारीक असतो ते भाषेच्या चाचणीवरून दिसते. रेडिओवरील संभाषणात झालेल्या गैरसमजांनी अपघातांना हातभार लावल्यानंतर आयकाओच्या १९९८ च्या महासभेने या विषयाला अग्रक्रम द्यायला सांगितले, आणि त्यातून पहिल्या परिशिष्टात भाषाप्रावीण्याच्या सहा पातळ्या आल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला आणि त्याच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकाला किमान चौथी पातळी लागते. ही अट ५ मार्च २००८ पासून लागू झाली. आता मजकूर जवळून पाहावा. सहाव्या पातळीच्या खाली असलेल्यांची पुन्हा पुन्हा चाचणी झाली पाहिजे, हे वाक्य मानक आहे. चौथ्या पातळीची चाचणी दर तीन वर्षांनी आणि पाचव्या पातळीची दर सहा वर्षांनी व्हावी, हे लगेच पुढचे वाक्य मात्र शिफारस आहे. म्हणजे चाचणी टाळणारे राष्ट्र मानक मोडते, पण चार वर्षांनी चाचणी घेणारे राष्ट्र केवळ शिफारशीपासून दूर जाते. 'आयकाओने सर्वांना इंग्रजी सक्तीची केली' हे सर्रास ऐकू येणारे विधानही दहाव्या परिशिष्टाशी ताडून पाहावे: जमिनीवरील केंद्र एरवी जी भाषा वापरते ती किंवा इंग्रजी, अशी मुभा तेथे आहे, आंतरराष्ट्रीय सेवांसाठीच्या विमानतळांवर आणि मार्गांवर विमानाने मागणी केली तर इंग्रजी उपलब्ध असलीच पाहिजे, असे बंधन आहे.

तफावत पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये

मानक सापडले म्हणजे शोध संपला, ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. कराराचे ३७ वे कलम राष्ट्रांकडून 'व्यवहार्य तेवढ्या' एकसारखेपणाची अपेक्षा करते, आणि ३८ वे कलम लगेच दार उघडे ठेवते: एखादे मानक सर्वार्थाने पाळणे आपल्याला शक्य नाही असे ज्या राष्ट्राला वाटते, त्याने आपला नियम कोठे वेगळा आहे ते आयकाओला तत्काळ कळवावे. मानकात दुरुस्ती झाली आणि राष्ट्राला आपला नियम बदलायचा नसेल, तर ती स्वीकारली गेल्यापासून ६० दिवसांत तसे कळवायचे असते. या कळवलेल्या फरकाला तफावत म्हणतात.

ती शोधण्याची जागा ठरलेली आहे. प्रत्येक राष्ट्र वैमानिकांसाठी एआयपी नावाचे माहिती प्रकाशन काढते. त्याच्या पहिल्या, सर्वसाधारण भागातील 'जेन १.६' या प्रकरणात देशाचे नियम आणि त्याने मान्य केलेले करार यांचा गोषवारा असतो, आणि 'जेन १.७' मध्ये परिशिष्टवार तफावतींची यादी असते. अनेक देशांचे एआयपी इंटरनेटवर मोफत वाचता येते, आणि माझा सल्ला असा की कोणताही कायदा उघडण्यापूर्वी हे एक प्रकरण वाचावे. तासाभराची पायपीट वाचते. मात्र यादीत नोंद नाही म्हणून राष्ट्र ते मानक पाळतेच, असे गृहीत धरू नये. कळवण्यात हयगय होते, कधी न कळवताच वेगळी पद्धत चालू राहते, आणि ही विसंगती पुढे आयकाओच्या लेखापरीक्षणात, म्हणजे देशांच्या यंत्रणेच्या तपासणीत, उघडी पडते.

तफावतीचे व्यवहारात काय होते, याचे एक मासलेवाईक उदाहरण वैमानिकांच्या वयाचे आहे. २३ नोव्हेंबर २००६ पासून आयकाओने आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणासाठी वयाची कमाल मर्यादा ६० वरून ६५ वर नेली. मुख्य वैमानिक साठीपुढचा असेल तर सहवैमानिक साठीच्या आतला असावा, अशी अट त्या वेळी होती. अमेरिकेने आपल्या कंपन्यांसाठी ६० चीच मर्यादा कायम ठेवली. पण करारानुसार परकीय वैमानिकाचा परवाना किमान मानकात बसत असेल तर तो मान्य करावाच लागतो. त्यामुळे जवळजवळ वर्षभर असे चित्र होते की परदेशी कंपनीचा ६२ वर्षांचा वैमानिक अमेरिकेच्या विमानतळावर विमान उतरवू शकत होता, आणि त्याच वयाचा अमेरिकी वैमानिक आपल्या देशातल्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसू शकत नव्हता. १३ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेने कायदा बदलला. आयकाओने त्यासाठी कोणतीही सक्ती केली नव्हती. घरच्या वैमानिकांच्या तक्रारीने ते काम केले.

तफावतीला एक अपवाद आहे. खुल्या समुद्रावर कोणत्याही राष्ट्राचे सार्वभौमत्व नसते, म्हणून १२ व्या कलमानुसार तेथे कराराखाली ठरलेले उड्डाणाचे नियम जसेच्या तसे लागू होतात आणि दुसऱ्या परिशिष्टापासून तफावत घेता येत नाही. घटना महासागरावर घडली असेल तर शोधाची ही पायरी गाळावी.

देशाच्या कायद्यात नियम कोणत्या दाराने आला

करार राष्ट्रांना बांधतो. वैमानिकाला, कंपनीला किंवा प्रवाशाला सहसा थेट बांधत नाही. काही देशांत रीतसर संमती मिळालेला करार आपोआप देशाच्या कायद्याचा भाग होतो, तर ब्रिटिश वळणाच्या देशांत संसदेने वेगळा कायदा केल्याशिवाय न्यायालय कराराकडे हक्काचा आधार म्हणून पाहत नाही. ब्रिटनने वॉर्सा पद्धतीचा करार १९६१ च्या कायद्याला परिशिष्ट म्हणून जोडला, हे दुसऱ्या पद्धतीचे ठळक उदाहरण. म्हणून आपल्यासमोरचा देश कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहून मग मूळ कायदा, त्याखालील नियम आणि नियामकाची परिपत्रके या क्रमाने वाचावे. बहुतेक ठिकाणी मूळ कायद्यात करार अमलात आणण्यासाठी नियम करण्याचा अधिकार दिलेला असतो, आणि परिशिष्टाचा मजकूर नियमांत किंवा परिपत्रकांत सापडतो. युरोपीय संघात मध्ये आणखी एक थर असतो: २०१८ चा ११३९ क्रमांकाचा विनियम आणि त्याखालील तपशीलवार नियम सदस्य देशांत थेट लागू होतात, त्यामुळे तेथे देशाचा कायदा नंतर आणि संघाचा आधी वाचावा.

आयकाओकडे पोलीस नाहीत, दंडाची पावतीही नाही. मग राष्ट्रे मानके पाळतात कशासाठी, असा प्रश्न येथे येतो. खरा धाक ३३ व्या कलमात आहे. एका राष्ट्राने दिलेले उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि परवाने दुसऱ्याने मान्य करावेत, असे ते सांगते, पण ज्या अटींवर ते दिले त्या किमान मानकांच्या बरोबरीच्या असतील तरच. मानक पाळले नाही तर आपली विमाने आपल्याच हद्दीत अडकून पडण्याची शक्यता असते. १९९९ पासून आयकाओ सर्व राष्ट्रांच्या देखरेख यंत्रणेचे लेखापरीक्षण करते. त्याशिवाय अमेरिका १९९२ पासून परदेशी नियामकांना याच मानकांवर तपासते, आणि मानकांत कमी पडल्यामुळे दुसऱ्या श्रेणीत ढकललेल्या देशाच्या कंपन्यांना तेथे नव्या सेवा सुरू करता येत नाहीत. युरोपीय संघ २००६ पासून बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी प्रसिद्ध करतो. एखाद्या देशाचे नियम अचानक घाईघाईने बदललेले दिसले, तर त्या सुमारास असे परीक्षण झाले होते का ते अवश्य पाहावे.

पॉवर बँकेचा माग

आता सुरुवातीची पॉवर बँक घ्यावी आणि एकेक पायरी चढावी. पहिली पायरी विमान कंपनीच्या तिकिटाच्या अटी. त्या साधारणतः विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, धोकादायक मालविषयक पुस्तिकेवरून बेतलेल्या असतात. ही पुस्तिका उद्योगाची आहे, कायदा नव्हे. पण मूळ नियमांत कंपन्यांनी आपल्या जास्तीच्या अटी मिसळून ती कामाला सोयीची केलेली असते, म्हणून काउंटरवर तिचाच शब्द चालतो. तिच्या वर आयकाओच्या 'टेक्निकल इन्स्ट्रक्शन्स', म्हणजे धोकादायक मालाच्या सुरक्षित हवाई वाहतुकीच्या तांत्रिक सूचना येतात, ज्यांची नवी आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते. आणि त्यांच्या वर अठरावे परिशिष्ट आहे, जे या सूचनांतील तपशील पाळले जातील अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी प्रत्येक राष्ट्रावर टाकते. सूचना परिशिष्टाच्या आधाराने बंधनकारक होतात, आणि परिशिष्ट कराराच्या ३७ व्या कलमाच्या आधाराने उभे असते.

मर्यादेचे एकक वॉट-तास, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप, आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी, म्हणजे उपकरणात न बसवलेली, लिथियम-आयन बॅटरी कंपनीची वेगळी परवानगी न घेता नेता येते. १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटरीला कंपनीची मान्यता लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनपेक्षा जास्त नेता येत नाहीत. १६० च्या वर ती प्रवासी सामानात बसतच नाही. सुटी बॅटरी मोठ्या बॅगेत ठेवता येत नाही, कारण तिने पेट घेतला तर केबिनमधले कर्मचारी धावून जाऊ शकतात, सामानाच्या कप्प्यात कोणी जाऊ शकत नाही; आणि पॉवर बँक या नियमात सुटी बॅटरीच ठरते. पॉवर बँकेवर बहुधा मिलीअँपिअर-तास ठळक छापलेले असतात. त्यांना व्होल्टेजने गुणून हजाराने भागावे. ३.७ व्होल्टची २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, आणि २७,००० ची ९९.९ ची, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. बाजारात हा २७,००० च्या आसपासचा आकडा वारंवार दिसतो तो या गुणाकारामुळे.

कंपनीने याहून कडक अट घातली असेल, उदाहरणार्थ उड्डाणात पॉवर बँक वापरू नये किंवा डोक्यावरील कप्प्यात ठेवू नये, तर ती अट करारातून आलेली आहे की राष्ट्राच्या नियामकाच्या आदेशातून की केवळ कंपनीच्या धोरणातून, हे या शिडीवर नेमके दाखवता येते. किमान मर्यादेपेक्षा कडक होण्याचा अधिकार राष्ट्राला आणि कंपनीला दोघांनाही आहे. सैल होण्याचा कंपनीला नाही. दोन आवृत्त्यांच्या मध्ये पुरवण्याही निघत असल्यामुळे तपासताना चालू आवृत्ती आणि तिच्या पुरवण्या दोन्ही पाहाव्यात.

हवाई सेवा करार हाती आला तर

या कराराचा मुख्य मजकूर बहुतेक वेळा ठरावीक असतो आणि खरा ऐवज शेवटच्या मार्गसूचीत असतो, म्हणून वाचन मागून सुरू करावे. सूचीत कोणती शहरे आहेत, मधल्या आणि पुढच्या शहरांतून प्रवासी घेता येतात का, फेऱ्यांवर किंवा आसनांवर मर्यादा आहे का, आणि किती कंपन्या नेमता येतात, एवढे आधी टिपून घ्यावे. नंतर मालकीचे कलम पाहावे. नेमलेल्या कंपनीची मोठी मालकी आणि प्रभावी नियंत्रण त्या देशाच्या नागरिकांकडे असावे, अशी अट जुन्या करारांत जवळजवळ हमखास असते. एका देशाच्या कंपनीने दुसऱ्या देशाची कंपनी विकत घेणे एवढे अवघड का असते, याचे मोठे कारण या कलमात आहे.

ब्रिटन आणि अमेरिका यांचा ११ फेब्रुवारी १९४६ चा बर्म्युडा करार पुढे कित्येक करारांचा साचा ठरला. त्याच्या जागी १९७७ साली आलेल्या दुसऱ्या बर्म्युडा करारामुळे लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून अमेरिकेला जाणाऱ्या सेवा वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंच्या दोन-दोन कंपन्यांपुरत्याच राहिल्या. युरोपीय संघ आणि अमेरिका यांचा खुल्या आकाशाचा, म्हणजे मार्ग आणि फेऱ्यांवरच्या मर्यादा उठवणारा, करार ३० मार्च २००८ पासून लागू झाला तेव्हा ती कोंडी फुटली. 'खुले आकाश' या शब्दांनी मात्र भुलू नये. नेदरलँड्स आणि अमेरिका यांनी १९९२ साली असा पहिला करार केला, पण परदेशी कंपनीने दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गावर प्रवासी नेण्याचा हक्क या साच्यात येत नाही. शिकागो कराराचे सातवे कलम तो नाकारण्याची मुभा प्रत्येक राष्ट्राला देते. नुसते वरून उडून जाण्याचा हक्कही सर्वत्र गृहीत धरता येत नाही. त्यासाठी १९४४ चाच स्वतंत्र पारगमन करार आहे, आणि रशिया, कॅनडा, चीन, ब्राझील यांसारखे अवाढव्य देश त्याचे सदस्य नाहीत. सायबेरियावरून जाण्यासाठी वेगळी वाटाघाट करावी लागते, ती त्यामुळे. शिवाय फेऱ्यांचे प्रत्यक्ष आकडे पुष्कळदा मुख्य करारात नसून दोन्ही सरकारांच्या सामंजस्याच्या टिपणात असतात आणि ते टिपण नेहमीच प्रसिद्ध होत नाही.

नुकसानभरपाईचा दावा

येथे पहिला प्रश्न तिकिटाचा आहे, विमानाचा नाही. १९९९ चा माँट्रियल करार लागू होण्यासाठी तिकिटावरील आरंभ आणि अंतिम ठिकाण दोन सदस्य राष्ट्रांत असावे लागते, किंवा एकाच सदस्य राष्ट्रात असून मध्ये ठरलेला थांबा दुसऱ्या देशात असावा लागतो. त्यामुळे परतीच्या तिकिटात आरंभ आणि अंत एकच धरले जातात, आणि विमान ज्या देशात गेले तो देश सदस्य नसला तरी करार लागू होऊ शकतो.

दायित्वाच्या रकमा कोणत्याही चलनात नसून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या एककात आहेत आणि दर पाच वर्षांनी त्यांचा आढावा घेतला जातो. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठी प्रत्येक प्रवाशामागे १,५१९, प्रवाशाच्या विलंबासाठी ६,३०३ आणि मालासाठी दर किलोमागे २६ एसडीआर अशा मर्यादा आहेत. मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या बाबतीत १,५१,८८० एसडीआरपर्यंत कंपनीला आपली चूक नव्हती असे म्हणून सुटता येत नाही. त्यापुढच्या रकमेसाठी तो बचाव उघडा राहतो. जुन्या लेखांत १,१३,१०० किंवा १,२८,८२१ हे आकडे दिसतील. ते त्या त्या काळी बरोबर होते, आणि घटनेच्या तारखेला जी मर्यादा होती तीच धरायची असते.

मुदती रकमांपेक्षा निर्दय आहेत. सामान खराब झाल्याची लेखी तक्रार ते हाती आल्यापासून ७ दिवसांत, मालाची १४ दिवसांत आणि सामान किंवा माल उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत करावी लागते. दावा दोन वर्षांत दाखल झाला नाही तर हक्कच संपतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या विनियमाखाली मिळणारी ठरावीक रक्कम ही वेगळी गोष्ट आहे. ती माँट्रियल कराराशी विसंगत असल्याचा आक्षेप विमान कंपन्यांनी घेतला होता, पण युरोपीय न्यायालयाने २००६ साली तो फेटाळला. अपघाताच्या दाव्यात तेराव्या परिशिष्टाखालचा चौकशी अहवाल दोषारोपासाठी वापरण्याचा मोह होतो. त्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे आणि दोष ठरवणे हा नाही, असे परिशिष्टच स्पष्ट सांगते.

एका विमानाची अनेक राष्ट्रे

सर्वांत गुंतागुंत विमान भाडेपट्ट्यावर असते तेव्हा होते. करारानुसार विमानाला नोंदणीच्या राष्ट्राचे राष्ट्रीयत्व मिळते, एका वेळी दोन राष्ट्रांत वैध नोंदणी होऊ शकत नाही, आणि उड्डाणयोग्यतेची जबाबदारी नोंदणीच्या राष्ट्राची असते, जरी विमान प्रत्यक्षात वर्षभर दुसऱ्याच देशात उडत असले तरी. ही अडचण सोडवण्यासाठी १९८० साली '८३ बीस' हे कलम स्वीकारले गेले आणि १९९७ साली ते अमलात आले. त्याखाली दोन राष्ट्रे आपसात करार करून देखरेखीची काही कामे चालवणाऱ्या कंपनीच्या राष्ट्राकडे सोपवू शकतात.

हे कलम संकटात कसे वागते ते २०२२ साली दिसले. रशियन कंपन्या भाड्याने घेतलेली शेकडो विमाने बर्म्युडाच्या नोंदणीवर चालवत होत्या आणि त्यांची देखरेख '८३ बीस' खालील कराराने वाटून घेतलेली होती. युद्ध आणि निर्बंध सुरू झाल्यावर आपल्याला सुरक्षिततेची खात्री देता येत नाही, असे सांगून बर्म्युडाच्या नियामकाने १२ मार्चला त्यांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रे तात्पुरती स्थगित केली. रशियाने विमाने आपल्या नोंदवहीत घेतली, आणि दुहेरी नोंदणीला मनाई करणारे १८ वे कलम चर्चेत आले. त्याच सुमारास भाडेपट्टा देणाऱ्या कंपन्या केप टाऊन कराराखाली विमाने परत मागत होत्या, म्हणजे एकाच विमानाच्या बाबतीत दोन घराण्यांचे करार एकदम कामाला लागले होते.

भाड्याच्या विमानाविषयीचा प्रश्न समोर आला की नोंदणीचे राष्ट्र, चालवणाऱ्या कंपनीचे राष्ट्र आणि घटनास्थळाचे राष्ट्र, अशी तीन नावे कागदावर लिहून घ्यावीत, आणि मग '८३ बीस' खालचा करार आहे का ते विचारावे. असा करार असेल तर त्याच्या सारांशाची प्रमाणित प्रत उड्डाणात विमानातच ठेवण्याचे बंधन सहाव्या परिशिष्टात आहे. रॅम्पवर, म्हणजे विमानतळावर विमाने उभी राहतात तेथे, तपासणी करणारा निरीक्षक तोच कागद मागतो, आणि कोणते काम कोणत्या राष्ट्राकडे गेले आहे हे त्यावर लिहिलेले असते.